धुऊन ठेवलेला डबा

डबा धुणं हा काय गुन्हा झाला, असं तुम्ही म्हणाल. ऐका तर.

पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये नव्याने राहायला आलो तेव्हा मजल्यावरच्या आम्ही चौघी मिळून शेंगदाणा तेलाचा पंधरा किलोचा डबा आणायचो. वाटणी माझ्या घरी. रिकामा डबा पाळीपाळीने एकीला. त्या दिवाळीला पाळी माझी. मी वरचा पत्रा कापला, सोड्याच्या गरम पाण्याने डबा घासला, बाहेरचा कागद खरवडून काढला आणि त्यात तुळस लावली. सगळेच तसं करायचे हो.

पंधरा दिवसांत आमच्या चौघींतल्या समोरच्या भाभींचे पाय सुजले, धाप लागायला लागली. मागोमाग आमच्या सासूबाईंचे पाय. दोघींना एकाच वॉर्डात ठेवलं.

"दोन्ही घरांत सारखं काय खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"तेल. पण ते फराळात संपलं."

"मग तेलातच भेसळ असणार. डब्यावरचा कागद आणा, बाई. त्यावर नंबर असतो. त्या नंबराचा माल तरी थांबवता येईल."

मी काय केलंय ते सांगितलं. डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. भाभी मात्र धापा टाकत हसल्या. "दीदी, आप को तो सफ़ाई की बीमारी है!"

वाण्याकडे गेले. तो म्हणाला, "ताई, मी भाईंदरच्या होलसेलवाल्याकडून आणतो, त्याला विचारा." तशीच भाईंदरला गेले. होलसेलवाला माणूस वाईट नव्हता, खुर्ची दिली.

"बहेन, उस हफ़्ते तीन मिल का माल आया था. कौन सा रोकूँ? नंबर लाओ, अभी रोकता हूँ."

"तीनों रोको ना!"

"शादी का सीज़न है. तीनों रोकूँ तो दुकान को ताला लगाऊँ?"

त्याच्या मागे हमाल टेम्पोत डबे चढवत होता. कुठे चाललेत विचारलं, तर म्हणाला, "उत्तन." मी टेम्पोच्या आडवी उभी राहिले नाही. नंबर नव्हता ना माझ्याकडे, कुठल्या तोंडाने राहणार?

सासूबाई उठल्या, पण चार महिन्यांनी. भाभी वॉर्डातच आठव्या दिवशी गेल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचे मिस्टर माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "इन्होंने बहुत दौड़-भाग की." डब्याचं भाभींनी त्यांना सांगितलंच नव्हतं. मीही नाही सांगितलं.