अंबुजाबाईंचा कालचेंडू

मंडी मोहल्ल्याची फुटबॉल टीम जिंकते कधी, हे विचारू नये. तरी सोमवार उजाडला की म्हैसूरची सव्वाशे मराठी घरं फोन हातात घेऊन अंबुजाबाईंच्या ‘कालचेंडू’ची वाट बघतात. कन्नडात कालचेंडू म्हणजे फुटबॉल, आणि बाईंचं पत्रक असतं रविवारच्या मॅचवर, म्हणजे कालच्या चेंडूवर. छापखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून निवृत्त झालेली ही बाई आता टीमच्या चुका काढते, आणि हरलेली माणसं पोट धरून हसतात. हसल्याशिवाय पुढच्या रविवारी मैदानावर जायचं तरी कुठल्या तोंडाने?

यंदा क्लबचे सेक्रेटरी झाले अर्जुन. नोकरीसाठी सोलापूरहून आलेले, सज्जन, पण विनोदाशी जरा फटकून असणारे. एका सोमवारी त्यांनी वाचलं, ‘सहा गोल झाले. आमचा गगन मात्र मर.’ त्यांचं डोकंच फिरलं. गोलकीपरला मर म्हणायचं म्हणजे काय?

“अहो, मर म्हणजे झाड,” बाई म्हणाल्या. “कन्नडातलं. आम्ही घरीपण असंच बोलतो. हलत नाही तो, म्हणून.”

“अर्थ काही असो, पोरगा खचेल. त्याचं नाव पुन्हा नको. नाहीतर क्लबचं नाव वापरू देणार नाही.”

बाईंनाही मनातून खटकलं. शेजारचाच चोवीस वर्षांचा पोरगा, जास्तच झालं असेल. पुढच्या मॅचला चार गोल झाले, पण पत्रकात गगनमधला ‘ग’सुद्धा नव्हता.

त्यानंतर गगन प्रॅक्टिसला फिरकलाच नाही. गुरुवारी बाई तडक त्याच्या घरी गेल्या. गच्चीवर तो ग्लोव्हज वाळत घालत होता, कुणाला तरी देऊन टाकायला.

“साकू अत्ते, पुरे झालं. मी खेळत नाही.”

“लोक हसतात म्हणून?”

“हसत होते तेव्हा येत होतो ना? मर तर मर, टीममधला होतो, अल्वा, होतो ना? सोमवारी सगळ्यांची नावं वाचली, माझंच नाही. वाटलं, हसण्याइतकाही मी तुमचा उरलो नाही.”

दया म्हणून आपणच पोराला टीमबाहेर काढलं, याची बाईंना शरम वाटली, आणि मग स्वतःचाच संताप आला. घरी येताच त्यांनी अर्जुनना फोन लावला.

“आज खास अंक काढतेय. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गगन. क्लबचं नाव हवं तर काढून घ्या. त्याचं मी काढणार नाही.”

अर्जुननी एवढंच विचारलं, “त्याला चालेल?”

“त्यालाच हवंय.”

“मग लिहा.”

संध्याकाळी सव्वाशे घरांत अंक पोचला, ‘झाड रजेवर गेलं. गोलात आता सावलीसुद्धा नाही.’

रविवारी गगन आला. तीन गोल खाल्ले, एक अडवला, तोही पाठीने. शिट्टी होताच तो धापा टाकत कुंपणाशी लिहीत बसलेल्या बाईंकडे आला.

“अत्ते, पाठीचं लिहिताय ना?”

बाईंनी वहीतून मान वर केली नाही. त्याच्या पाठीवर त्यांचं दुसरं पान चाललं होतं.