कोरम भरला त्या सकाळी

नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेला विषय. विठ्ठलवाडीच्या एका शाळेत मी तो बरीच वर्षं शिकवते आहे, आणि माझा तास हमखास मधल्या सुट्टीनंतर येतो. मुलांच्या पोटात डबा, पाठीवर खिडकीतलं ऊन, डोक्यावर घरघरणारा पंखा. लोकसभा, राज्यसभा असे शब्द माझ्या तोंडून निघतात, वर्गात थोडे तरंगतात आणि कुणालाच न शिवता विरून जातात. कधी कधी वाटायचं, आपण झोपेत बोलतोय आणि समोरची पोरं झोपेत ऐकताहेत.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या नववीत एक मुलगी खिडकीपाशी बसायची. तिचं लक्ष कायम बाहेर. एका दुपारी मी मतदानाचा हक्क शिकवत होते, तेव्हा ती बाहेर बघता बघताच म्हणाली, "बाई, मत देऊन झाल्यावर पुढची पाच वर्षं लोक काय करतात?"

"शिव्या देतात!" वर्गाचा मॉनिटर ओरडला. उंच, मोठ्या आवाजाचा मुलगा. सगळे हसले, मीही हसले. पण प्रश्न माझ्यासोबत घरी आला. पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं, पण ते तिला सांगावंसं वाटेना.

माझी डी.एड.ची एक मैत्रीण लग्न होऊन खडवलीच्या पुढे, भातसा नदीकाठच्या एका गावात गेलेली. तेव्हा ती तिथली सरपंच होती. मी फोन केला. ती म्हणाली, "अगं, घेऊन ये की पोरांना. जानेवारीत ग्रामसभा आहे. पण सांगून ठेवते, बघण्यासारखं काही नसतं."

ग्रामसभा माझ्या मुलांनी सहावीत पाठ केली होती आणि सातवीत विसरली होती. शहरातल्या मुलाला ती दिसणार कुठे? गावातले सगळे मतदार एकत्र बसून गावाचं ठरवतात, ही त्यांना गोष्टीतली गोष्ट वाटायची.

सभेच्या दिवशी सकाळी नववीच्या पोरांना घेऊन लोकलने खडवलीला उतरलो, तेव्हा धुकं इतकं दाट होतं की फलाटाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. आम्ही रस्त्याने चालत निघालो. पुढची मुलं धुक्यात शिरली की नुसते त्यांचे आवाज उरायचे. मग एखादं बाभळीचं झाड समोर यायचं, एखादी म्हैस, आणि पुन्हा सगळं पांढरं. कुठेतरी डावीकडे नदी होती. ती दिसत नव्हती, ऐकू येत होती. रोज बडबडणारी माझी पोरं गप्प चालत होती. त्या चालण्याची आठवण मला अजून येते, आणि दर वेळी रस्ता थोडा लांब झालेला असतो.

समाजमंदिरासमोर सतरंज्या अंथरल्या होत्या. मैत्रीण होती, ग्रामसेवक होते, आणि चार-दोन म्हातारी माणसं शेकोटीपाशी. बाकी सतरंज्या रिकाम्या.

"कोरम नाही," ग्रामसेवक म्हणाले. "ठरलेल्या संख्येइतकी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब करावी लागेल."

"मग आम्हाला मोजा ना," मॉनिटर म्हणाला. "आम्ही इतके जण आहोत."

"तुम्ही मतदार नाही, बाळा. गावातले पण नाही."

खिडकीपाशी बसणारी मुलगी माझ्याकडे वळली. "बाई, आम्ही मोजले जाणार नाही, पण बोलवायला तर जाऊ शकतो?"

मैत्रिणीने मान हलवली मात्र, पोरं धुक्यात पांगली. मी समाजमंदिराच्या पायरीवर बसून राहिले. काही दिसत नव्हतं. कुठे कडी वाजायची, कुठे कुत्रं भुंकायचं, आणि लांबून, जवळून, वरच्या आळीतून, खालच्या आळीतून ओळखीचे आवाज यायचे. "काकू, सभेला चला!" "आजोबा, तुमच्याशिवाय होत नाहीये!" एका घरातून कुणीतरी ओरडून विचारलं, "कसली सभा? निवडणूक लागली का?" आणि माझ्या मॉनिटरचा तो मोठा आवाज आला, "निवडणूक नाही हो काका, तुमचीच सभा आहे!"

मग माणसं येऊ लागली. धुक्यातून आधी पावलं, मग आकार, मग चेहरे. पदराला हात पुसत बाया आल्या, एकीच्या कडेवर अर्धवट झोपेतलं मूल. तोंडात दातण धरलेला एक जण आला. ग्रामसेवक मोजत होते. शेवटी ते म्हणाले, "झाला कोरम." माझ्या मुलांनी टाळ्या पिटल्या. गावकऱ्यांना त्यात टाळ्या पिटण्यासारखं काय ते कळेना.

सभेपुढचा मुख्य विषय नदीचा होता. सहलीला येणारे लोक काठावर बाटल्या फोडून जात, म्हणून काठ बाहेरच्यांना बंदच करावा, असं बायांचं म्हणणं. एक म्हातारी उभी राहिली आणि तिने सरळ पाऊल पुढे केलं. टाचेवर जुन्या जखमेचा वण होता. "आम्ही कापडं धुवायला जातो. ती पोरं मजा करून जातात, काचा आमच्या पायात."

काठावर वडापाव, भजी, चहा विकणारा एक माणूस उठला. "लोक आले नाहीत तर मी खायचं काय? दुकान तिथंच आहे माझं, सावलीत."

आवाज चढले. मध्येच मैत्रीण म्हणाली, "ही शहरातली मुलं इथे बसलीत. त्यांना विचारू या, नदीवर कशाला येतात."

सगळे मागे वळले. मला वाटलं, खिडकीवाली बोलेल. उठला मॉनिटर, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज बारीक झाला. "आमच्या घरामागे पण नदी आहे. वालधुनी. नाल्यासारखी काळी झालीय, तिच्यात कोणी पाय घालत नाही. मी गेल्या वर्षी भावासोबत इथे आलेलो, तेव्हा नदीत पहिल्यांदा पाय बुडवला. बंद नका करू. पण बाटल्या नकोत, हे बरोबर आहे."

मग ती टाचेवरच्या वणाची म्हातारीच म्हणाली, "पाण्याला नाय कोण म्हणतो? पण धुणं धुवायचा काठ आमचा ठेवा."

असं बोलत बोलत ठरत गेलं. वरचा काठ बायांचा. खालचा खुला, पण काचेची बाटली न्यायची नाही. आणि दुकान काठावरून उचलून रस्त्याला लावायचं, म्हणजे येणाऱ्यांच्या पिशव्या तिथेच बघता येतील. हात वर करा म्हणताच सतरंजीवर हातांचं रान उभं राहिलं. मॉनिटरचाही हात वर गेला होता. "खाली घे," ग्रामसेवक हसून म्हणाले. "अठरा पूर्ण कर, मग तुझ्या गावात वर कर."

विरोधात हात उठले ते थोडे. त्यात दुकानवाल्याचा हात शेवटपर्यंत ताठ होता.

सभा संपली तेव्हा धुकं विरलं होतं आणि नदी समोर लखलखत होती, जणू आत्ताच कुणी आणून ठेवली असावी. दुकानवाला तडक उठून गेला. रागावून गेला असं मला वाटलं. थोड्या वेळाने तो किटली घेऊन परत आला आणि सगळ्यांना चहा देऊ लागला. म्हातारीलाही दिला. "साखर कमी हाय," ती म्हणाली. "सावली गेली, आता साखर पण मागतेस?" तो म्हणाला, आणि दोघंही हसली. त्याचं हसू पुरतं मोकळं नव्हतं.

खिडकीवाली ते टक लावून बघत होती. "बाई, तो हरला ना?"

"हो."

"मग चहा कसा देतो?"

"उद्याही त्याला याच लोकांत राहायचंय," मी म्हटलं. "आणि पुढच्या सभेत तो पुन्हा मागू शकतो सावली."



परत येताना खडवलीच्या फलाटावर आम्ही गाडीची वाट बघत बसलो. दुपारचं उबदार ऊन होतं, फलाट जवळजवळ रिकामा. बाकावर टेकले आणि माझे डोळे मिटायला लागले. शेजारी ती मुलगी आणि मॉनिटर भांडत होते. त्या माणसाला सावलीतली दुसरी जागा द्यायला हवी होती, असं ती म्हणत होती. मग पिशव्या कोण बघणार, असं तो. इतर मुलंही त्यात पडली. कुणी एकाच्या बाजूने, कुणी दुसऱ्याच्या. मी त्यांना गप्प केलं नाही. त्यांचे आवाज दूर जाताहेत, पुन्हा जवळ येताहेत, असं वाटत होतं, आणि त्या आवाजांतच मला गाढ झोप लागली.