आंटीच्या दुधाचा वास

हे मी आजपर्यंत कोणालेच सांगितलं नाही. पोरीले नाही, सख्ख्या बहिणीले नाही. देवापुढं बसली की कधी कधी ओठावर येते — अन् मग मी घाईघाईनं आरतीच सुरू करून टाकते. देवाले काय, त्याले सगळं मालूमच असते. तुम्हाले मालूम नाही. म्हणून तुम्हाले सांगून राहिली.

गोष्ट दुधाची आहे. हसू नका. दर नाताळाले माझ्या घरी अंड्याचं दूध बनते. माझी पोरगी त्याले एगनॉग म्हणते, सासूबाई ‘त्या बाईचं दूध’ म्हणायच्या. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडले, नाताळाशी आमचा काय संबंध? पण भिलाईत स्टील प्लांटच्या क्वार्टरमधे राहिलेला माणूस शेजाऱ्यांचे सगळे सण शिकून घेते. आमच्या वर बंगाली, समोर तेलुगू, अन् भिंतीले भिंत लागून लीलाम्मा आंटी — केरळची. नाताळाच्या सकाळी तिच्याकडून केक अन् हे दूध यायचं. दिवाळीले माझ्याकडून चकल्या अन् अनारसे जायचे.

कसं करतात ते आधी सांगते. (मले मालूम आहे, मी मुद्द्यावर यायचं टाळून राहिली. टाळू द्या थोडं.) अंड्यातला पिवळा बलक तेवढा घ्यायचा अन् साखर घालून फेटायचा, रंग पांढुरका होईपर्यंत. दूध वेगळं तापवायचं. मग ते गरम दूध बलकात बारीक धारेनं सोडायचं — एका हातानं ओतायचं, दुसऱ्यानं घोटत राहायचं. इथं घाई केली की अंडं शिजते, गुठळ्या होतात, अन् मग तुमच्या नशिबी गोड भुर्जी. नंतर परत गॅसवर, एकदम मंद. चमच्याच्या पाठीवर लेप धरला की उतरवायचं. वरून साय, किसलेलं जायफळ, अन् शेवटी आंटी टोपणभर व्हॅनिला एसेंस टाकायची. मग थंड करायचं. सासूबाईंचा घसा धरायचा, म्हणून त्यांचा पेला ती कोमट असतानाच वेगळा काढून आणायची. जायफळ तिच्या माहेरच्या झाडाचं असायचं.

बाहेरच्या देशात यात दारू टाकतात म्हणे. आंटीच्या घरात दारू येतच नव्हती. दोघंही नवरा-बायको प्रार्थनेवाले. अंकल तर प्लांटमधल्या कोणाच्या पार्टीले गेले तरी लिंबूसरबत पिऊन परत यायचे अन् सगळे त्यांची टिंगल करायचे. हे मले मालूम होतं. पक्कं मालूम होतं. एवढं लक्षात ठेवा.

आता सासूबाईंचं सांगते. माझे सासरे दारूपायी गेले. मी त्यांले पाहिलं नाही, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीच गेले. सासूबाईंनी एकट्यानं लेकाले वाढवलं, शिकवलं. त्याले प्लांटमधे नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला अन् शपथ घ्यायले लावली — थेंबाले शिवणार नाही. अन् सांगून ठेवलं की ज्या दिवशी शिवशील त्या दिवशी मी गावाले चालली, मग माझ्या मातीलेही येऊ नको. त्या नुसत्या बोलणाऱ्या बाई नव्हत्या. गावातलं घर पडलेलं, तिथं त्यांचं कोणी उरलेलं नाही, तरी गेल्या असत्या.

अन् आमचे हे प्यायचे. रोज नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी, नाहीतर कोणाचं प्रमोशन झालं की, खुर्सीपारले एका मित्राकडं. घरी येताना वेलची चघळत यायचे. मले पहिल्या वर्षातच कळलं होतं. मी भांडली, रडली, मग चूप झाली. सासूबाईंले कळू द्यायचं नाही, एवढंच आमचं दोघांचं ठरलं. तसं बोलून ठरलं नाही. ठरून गेलं.

त्या वर्षीच्या नाताळाले हे ड्यूटीवरून सरळ घरी आले नाही. संध्याकाळी आले. वेलची विसरले असतील. सासूबाई समोरच्या खोलीत स्वेटर घालून बसल्या होत्या. मी आंटीचं दूध फ्रिजमधून काढून यांच्या हाती दिलं — बोलायच्या आधी यांचं तोंड त्यात जावं म्हणूनच दिलं, खरं सांगते. यांनी एक घोट घेतला अन् सासूबाईंनी मान वर केली.

“कायचा वास येऊन राहिला?”

सासूबाईंनी लेकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्याकडं पाहताना त्यांचे डोळे — मले अजून दिसतात ते. त्या बाईले उत्तर नको होतं. तिले कोणीतरी दुसरं काही सांगावं, असं वाटत होतं. मग मी सांगितलं.

“आंटीच्या दुधाचा असन, आई. त्यांच्यात टाकतात थोडी.”

झालं. एवढंच. हेच ते. इतकी वर्षं जे पोटात ठेवलं ते तुम्हाले एका ओळीत सांगून टाकलं, अन् तुम्ही म्हणाल, बस, इतकंच? थांबा. अजून आहे.

सासूबाईंनी विश्वास ठेवला. ‘त्यांच्यात’ म्हटलं ना मी — त्या एका शब्दाले पुरावा लागत नाही. त्यांनी स्वतः सकाळी तेच दूध प्यायलं होतं. त्या उठल्या, मोरीत गेल्या, घशात बोटं घालून ओकल्या. मग चूळ भरत राहिल्या, किती वेळ ते मले माहीत नाही. ज्या गोष्टीनं नवरा नेला ती आपल्या पोटात गेली, असं त्यांले वाटत होतं. मी पाठ चोळत होती. तेव्हा सांगता आलं असतं? आलं असतं. हे पलंगावर बसून जमिनीकडं पाहत होते. त्यांनीही नाही सांगितलं, पण त्यांचा हिशोब ते पाहतील.

दुसऱ्या दिवशी क्वार्टरसमोर उन्हात बायका मटार सोलत बसल्या होत्या. सासूबाईंनी तिथं सांगितलं. त्यांचा आंटीवर राग नव्हता, त्या बाकीच्यांले सावध करून राहिल्या होत्या. मग काय विचारता! आंटीच्या घरी केक खाऊन माझ्या पोराले झोप आली होती, तिच्या घरच्या केकमधेही असतेच, असं एकेकीले आठवायले लागलं. मी तिथंच बसली होती. शेंगा सोलत होती. एका बाईनं मले विचारलं, तुम्हाले वास आला का? मी हो म्हटलं.

आंटीच्या अंगणात आमच्या लाइनीतली पोरं खेळायची, ती बंद झाली. नवीन वर्षाचा केक तिनं दिला तो वरच्या बाईनं घेतला अन् तसाच कामवालीले देऊन टाकला. आंटीच्या कानावर हे सगळं कोणी घातलं, मले माहीत नाही. पण ती भांडायले आली नाही. भांडली असती तर मी मोकळी झाली असती का? कोण जाणे.

एका दुपारी ती आमच्या दारात उभी. हातात तिचं पातेलं, पिशवीत अंडी, दूध, साखर, जायफळ, एसेंसची बाटली. म्हणाली, अम्मांच्या समोर बनवते, त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहावं. सासूबाईंले स्टुलावर बसवलं. मले म्हणाली, तू दूध ओत, मी घोटते. एकेक वस्तू सासूबाईंपुढं धरून, वास घ्यायले लावून मगच ती घालत होती. मी बारीक धार सोडत होती. एकही गुठळी झाली नाही.

शेवटी तिनं एसेंसची बाटली उघडली, सासूबाईंच्या नाकाशी नेली. त्यांनी तोंड फिरवलं. आंटी थबकली. तिनं स्वतः हुंगून पाहिलं, मग बाटली खिडकीशी नेऊन चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली. मग बाटलीचं टोपण लावलं, अन् माझ्या सासूपुढं दोन्ही हात जोडले.

“अम्मा, गलती मेरी है। इसमें थोड़ा अल्कोहल रहता है। मैंने कभी पढ़ा ही नहीं। माफ़ कर दो।”

टोपणभर एसेंस, पातेलंभर दुधात! त्याचा असा वास येते का कुठं? माणसाच्या श्वासाले येते का? पण ती बाई आपली चूक शोधून राहिली होती, अन् शोधणाऱ्याले सापडते. सासूबाईंनी माफ केलं — मोठ्या मनानं केलं. म्हणाल्या, “होते बाई, तुले मालूम नव्हतं.” अन् त्या दोघी माझ्याकडं पाहून हसल्या, भांडण मिटलं म्हणून. मीही हसली.

मी आतापर्यंत असं सांगितलं की जणू हे सगळं घर वाचवायले केलं. सासूबाई गावाले जातील, एकट्या मरतील, म्हणून. ते खरं आहे. पण तेवढंच खरं असतं तर मी हे केव्हाच कोणाले तरी सांगून टाकलं असतं. सासूबाई उठता-बसता आंटीचं कौतुक करायच्या. त्या बाईच्या हाताले काय चव आहे, तिचं घर पाहा कसं लख्ख, तिच्याकडून शिक काही. माझ्या हातच्या कशालेच त्यांनी कधी बरं म्हटलं नाही. त्या नाताळानंतर त्यांनी आंटीचं नाव घेणं सोडलं. अन् एक दिवस माझी भाकर खाऊन म्हणाल्या, चांगली झाली. मले बरं वाटलं. ते मी कोणत्या तोंडानं सांगायचं होतं?

कधी कधी मनात येते, आंटीले कळलं असन. पातळ भिंत आमची, यांची स्कूटर कशी धडपडत यायची ते तिले ऐकू येत असनच. मले सांभाळायलेच तिनं हात जोडले असतील. पण असं मानलं की माझं ओझं हलकं होते, म्हणून मी ते मानत नाही.

सासूबाई गेल्या, लेक निर्व्यसनी आहे हे समजूनच गेल्या. यांची दारू पुढं डॉक्टरनं सोडवली, माझ्यानं किंवा शपथेनं नाही. अंकल रिटायर झाले तशी आंटी केरळले गेली. जाताना मले ते पातेलं देऊन गेली. आम्ही आता जामुलच्या रस्त्याले स्वतःच्या घरात राहतो, अन् दर वर्षी त्याच पातेल्यात मी दूध करते. कोणी ना कोणी तिकडून येणाऱ्याच्या हाती तिची जायफळं येतात. पोरगी कुरकुरते, आई, सगळे व्हॅनिला टाकतात, तू कावून नाही टाकत? मी म्हणते, आंटीनं असंच शिकवलं.

या नाताळाले तिचा फोन आला. आवाज थकला आहे आता, दोनदा-दोनदा विचारते. दूध केलं का म्हणाली. हो म्हटलं. मग म्हणाली, “एसेंस नहीं डाला ना?” नाही, म्हटलं. तीही नाही टाकत, त्या दिवसापासून एकदाही नाही टाकला, असं म्हणाली. नातवंडं मागतात तरी नाही. एकदा चूक झाली ती झाली, म्हणाली.

मी फोन कानाशी धरून उभी होती. दूध गॅसवर होतं, मी ते घोटत होती. बरं आंटी, म्हटलं, तब्येतीले जपा.

अंडी, दूध, साखर, साय, जायफळ अन् टोपणभर एसेंस. त्या दिवशी तिच्या दुधात एवढंच होतं. वास माझ्या नवऱ्याच्या तोंडाचा होता.