विक्रांतचा करगोटा

सुखदाचं पोट जखमांवर भरतं. परदेशात, वेस्टमीडच्या एका हॉस्पिटलमध्ये ती जखमांची नर्स आहे. मधुमेह्यांचे पाय, अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठी, न भरणारे टाके. पट्टी सुटण्याआधीच आत काय असणार ते तिला वासावरून कळतं. या कामात तिला कधी मळमळलेलं नाही. ड्रेसिंग आटोपून ती त्याच मजल्यावर डबा खाते.

तिचा धाकटा भाऊ विक्रांत जवळच हॅरिस पार्कला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा राहतो, घरूनच सॉफ्टवेअरचं काम करतो. एका लेबनीज सहकाऱ्याबरोबर तो चर्चला जायला लागला आणि मागच्या ईस्टरला त्याने बाप्तिस्मा घेतला. सुखदाची काही तक्रार नव्हती. ती गेली, केक खाल्ला, फोटो काढले. चिंचवडला आईने मात्र अंथरूण धरलं. मग तिने सुखदाला एवढंच बघायला सांगितलं, की लहानपणापासून कमरेला बांधलेला काळा करगोटा तरी त्याने ठेवलाय का. करगोटा असला तर आईच्या लेखी मुलगा अजून घरचाच होता.

सुखदाने बघितलं. वरच्या कपाटातून काहीतरी काढताना विक्रांतचा टी-शर्ट ताणला गेला आणि कमरेपाशी दोऱ्याचा उंचवटा दिसला. करगोटा आहे, असं तिने आईला कळवून टाकलं. आई उठून बसली, शिरा केला. पुढे विक्रांतने पलंग काढून टाकला, जमिनीवर झोपायला लागला, दिवसातून एकदा भिजवलेले हरभरे खाऊन राहायला लागला. उपास करतोय, आपल्याकडचंच आहे ते, असं आई अभिमानाने म्हणाली. सुखदानेही विषय तिथेच सोडला.

परवाच्या शनिवारी दुपारी ती डाळिंबी उसळ घेऊन त्याच्याकडे गेली. दार उघडताच वास आला. सिंक तुंबलं असेल, असं आधी तिला वाटलं. चार पावलं आत गेल्यावर तसं वाटणं शक्यच नव्हतं. गोडसर, कुजका, हिरव्या पुवाचा वास होता तो, आणि तिच्या भावाच्या अंगाला येत होता.

"शर्ट वर कर," ती म्हणाली.

त्याने लगेच केला. तिला सगळ्यात जास्त किळस आली ती त्या 'लगेच'ची. कमरेभोवती काथ्याचा दोर होता, अंगठ्याएवढा जाड, आवळून बांधलेला. पोटाच्या बाजूला तो मांसात इतका रुतला होता की कातडी त्याच्यावरून चढायला लागली होती. काळा करगोटा कुठेच नव्हता. सुखदा सिंकपाशी गेली आणि ओकली.

मागून विक्रांत बोलत होता. सिरियात एक संत होऊन गेला. तरुणपणी मठात असताना त्याने अंगरख्याखाली असाच ताडाच्या धाग्यांचा दोर बांधला, मांस सडेपर्यंत. पुढे तो आयुष्यभर एका खांबावर राहिला. त्याच्या जखमेतून गळून पडलेला किडा एका राजाने उचलला, तर तळहातावर त्याचा मोती झाला. ट्रेकचं शिखर गाठून आलेला माणूस सांगतो तसं तो हे सांगत होता.

"तुला घाण वाटतेय ना, ताई?"

"हो."

"तेव्हाही लोकांना वाटली होती."

"तुला तेच हवंय. म्हणून सांगते विकू, इथे मोती नाहीये. पू आहे."

तो थरथरत होता, कपाळ तापलं होतं. विष रक्तात उतरायला लागलं असेल तर फार वेळ नव्हता. आणि हॉस्पिटलला यायला तो सरळ नाही म्हणत होता. शुद्धीवर असलेला माणूस नाही म्हणाला की हात लावता येत नाही, हे तिला रोजच्या कामाने शिकवलेलं. तिने त्याच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या फादर बुत्रोसना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्यांनी वास कसला येतोय ते विचारलं. तिने सांगितलं. मग ते इंग्रजीत विक्रांतला म्हणाले, की मठातल्या लोकांना त्या संताचीही किळसच आली होती. त्यांनी दोर भिजवून सोडवला आणि बरं वाटल्यावर त्याला मठातून बाहेर काढलं.

"कारण त्याने कुणाला विचारलं नव्हतं," फादर म्हणाले. "तूही मला विचारलं नाहीस. आता मी सांगतो, बहीण म्हणेल ते कर."

विक्रांतचा चेहरा पडला. कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखा तो भिंतीकडे बघत राहिला.

"काप," तो म्हणाला.

तिने अँब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत दोराचा पाठीकडे मोकळा राहिलेला भाग कापला आणि रुतलेल्या भागावर मिठाच्या कोमट पाण्याने भिजवलेलं कापड ठेवलं. तो पुढे ओढायचा नाही, ते ऑपरेशन थिएटरमध्ये होईल. हात सराईतपणे चालत होते, पण किळस गेली नाही. त्याची होती आणि स्वतःचीही. आठवडाभर परक्यांच्या जखमा हुंगणाऱ्या बाईने सख्ख्या भावाच्या कमरेवरचा एक उंचवटा बघून आईला शिरा करायला लावला होता.

तो स्ट्रेचरवर असतानाच आईचा फोन आला. दर शनिवारी येतो तसाच. विक्रांत कुठे आहे, जेवला का, आणि शेवटी नेहमीचं: करगोटा आहे ना गं अजून?

"तो करगोटा नव्हताच, आई," सुखदा म्हणाली. "दोर होता. मी कापला."

विक्रांतने तिची बाही ओढली. "वासाचं नको सांगूस तिला."

सुखदाने तेही सांगितलं.