मास्तरांची सात कारणं

आमच्या प्रेसमध्ये बाटल्यांची आणि बरण्यांची लेबलं छापतात. मी प्रूफं वाचते. शेजारच्या टेबलावर मास्तर कॉम्प्युटरवर लेबलं मांडतात. मास्तरांनी आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही, पण त्यांची चूक दाखवायला गेलं की दाखवणाराच धडा घेऊन परत येतो, म्हणून हे नाव. नोकरीची एकतीस वर्षं झालेली, दीड उरलेलं, आणि उजवा हात तीन वर्षांपासून थरथरतो. हे प्रेसमध्ये फक्त मला ठाऊक होतं.

आमच्याकडे मोठ्या मालकांपासून, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांपासून, एक नियम आहे. महिन्याच्या एक तारखेला कटिंग मशीनवाल्याने हात पुढे धरायचा आणि त्यावर पातळ कागद ठेवायचा. कागद फडफडला तर त्याने घरी जायचं. नियम कटिंगपुरताच, पण मास्तरांनी तो मनातल्या मनात स्वतःलाही लावून घेतला होता. "घरी बसवलं तर आठ दिवसांत मी भिंतींना लेबलं चिकटवायला लागेन," असं ते मला म्हणायचे. हसत नव्हते.

जुन्या कॉम्प्युटरवर त्यांचं झकास चाललं होतं. तिथे मेन्यू स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेला. माऊस वर ढकलायचा, बाण कडेला जाऊन टेकायचा. त्याच्यापुढे जायला जागाच नाही, मग हात थरथरला काय आणि नाचला काय.

मग मालकांच्या जावयांनी नवे कॉम्प्युटर आणले. यांवर प्रत्येक विंडोच्या डोक्यावर तिचा स्वतःचा मेन्यू, बोटभरही रुंद नाही. दोन विंडो उघडल्या की दोन मेन्यू, आणि अडायला कड कुठेच नाही. मास्तरांचा बाण कधी वर निसटायचा आणि विंडो बंद व्हायची, कधी खाली घसरायचा आणि लेबलावरची अक्षरं सरकायची. मी प्रूफात सगळं पकडत होते आणि गुपचूप दुरुस्त करून घेत होते. पण मी दोन दिवस रजेवर गेले आणि घात झाला. मलमाची ओळ जॅमच्या विंडोत पडली. 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' अशी जॅमची दोन हजार लेबलं छापून तयार.

मालकांनी खुलासा मागवला. मास्तरांनी अर्ज दिला: मेन्यू स्क्रीनच्या वरच्या कडेलाच असावा, याची सात कारणं. चौथं कारण होतं, घराचं दार एकाच जागी असतं, पाहुणा उभा राहील तिथे ते सरकत नाही. सहावं, मान वर राहते, कण्याला बरं. खरं कारण सातांत कुठेच नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

जावई म्हणाले, "सासरेबुवा, जिथे काम तिथे मेन्यू. हाताला हेलपाटा कशाला?"

मालक म्हणाले, "वाद नको. घड्याळ लावू."

दुसऱ्या दिवशी सगळी प्रेस आमच्या खोलीत जमली. मशीनं बंद ठेवून मेन्यूची जागा ठरवणारी प्रेस मी तरी दुसरी पाहिलेली नाही. आधी जुन्या कॉम्प्युटरवर जावयांनी आणि मास्तरांनी मेन्यूतून दहा-दहा आज्ञा द्यायच्या होत्या. जावयांचा एक नेम चुकला, मास्तरांचा एकही नाही, आणि वेळही कमी. कटिंगवाल्याने टाळ्या वाजवल्या.

"आता हेच नव्यावर," मालक म्हणाले.

मास्तर नव्या कॉम्प्युटरसमोर बसले. स्क्रीन मोठा होता आणि सगळे त्याकडेच बघत होते. त्यांनी माऊसपासून हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"माझा हात थरथरतो," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली. म्हणून मेन्यू वर हवा. ती सात कारणं मी मागून जोडली."

मालकांनी घड्याळ खिशात टाकलं. "आधी का नाही सांगितलंत?"

"तुमच्या वडिलांनी जुन्या कटिंगवाल्याला घरी पाठवलं, तेव्हा त्याचा डबा मी दारापर्यंत नेऊन दिला होता."

मालकांनी मास्तरांच्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "तो पात्याखाली हात घालत होता, मास्तर. तुम्ही मेन्यूत घालता." आणि जावयांकडे वळले, "हा वर नेता येतो का?"

जावयांनी शोधलं. नेता येत होता. सेटिंगमध्येच होतं, चार मिनिटं लागली. सगळे आपापल्या मशीनवर गेले.

दुपारी चहा आला. पित्त होतं असं सांगून मास्तर तीन वर्षं प्रेसमध्ये चहा घेत नव्हते. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर कप उचलला. निम्मा बशीत गेला, थोडा शर्टावर. उरलेला त्यांनी सावकाश प्यायला आणि कप पुढे केला.

"अजून थोडा द्या," ते म्हणाले.