तळहातावरची गोळी

सासूबाईंनी मला बावीस वर्षं टोकलं. भाजीत मीठ कमी, झाडू उलटा ठेवलास, एवढ्या जोरात हसतेस कशाला. त्या गेल्या तेव्हा मनातल्या मनात मी म्हटलंही होतं, सुटले बाई. महिन्याभरात कळलं की भांडायलासुद्धा घरात माणूस लागतं. नवरा मुंबईला कामाला. आसनगावला पहाटेची लोकल पकडतो आणि घरी येतो तो जेवून आडवं होण्यापुरता. लेक नाशिकला हॉस्टेलवर. मधला सगळा दिवस मी, कोंबड्या आणि भाताची कणगी.

त्या कणगीची राखण हे सासूबाईंचं खातं. झोडणी झाली, भात भरलं, की तांदळाच्या पिठात गूळ आणि उंदराचं औषध घालून त्या गोळ्या वळायच्या. वळताना उंदराचं नाव घ्यायचं नाही, तो ऐकतो म्हणे. ‘मामाचं जेवण’ म्हणायचं. आमच्या आळीत घरोघर हीच रीत. यंदा ते जेवण मी केलं आणि चांगलंच जमलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी कणगीमागे एक उंदरीण मरून पडली होती.

तिला उचलून टाकली आणि बाजूचा पेंढा हलवला तर आत घरटं. पाच पिल्लं, त्यातली चार गार. पाचवं हलत होतं. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात, मी पेंढा उपसून काढला. गुलाबी, डोळे मिटलेले, बोटाच्या दोन पेरांएवढं. खरं तर कोंबड्यांपुढे टाकायचं आणि हात धुवायचे. पण ते माझ्या अंगठ्याला तोंड लावून दूध शोधायला लागलं. त्याच्या आईला शेवटचं मीच जेवू घातलं होतं. माझी मलाच लाज वाटली.

देवासाठी वळलेली कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून त्याच्या तोंडाला लावली. चोखलं त्यानं. दर दोन तासांनी वात, बिस्किटांच्या जुन्या डब्यात तूस, खाली गरम पाण्याची बाटली. लेकीच्या वेळी एवढं केलं नव्हतं, तेव्हा सासूबाई होत्या. तिसऱ्या दिवशी त्याचं पोट फुगून टम्म झालं. शेळीचं दूध आणणारी पाड्यावरची मावशी आधी पोट धरून हसली, मग पायरीवर बसून तिनं ते हातात घेतलं.

“नुसता पाजून काय व्हतं बाय? आय चाटते तवाच त्याला मुताया व्हतं. वला कापूस फिरव खाली.”

तसं केलं आणि ते वाचलं. नवऱ्याला काही सांगितलं नाही. माणूस दमून येतो, त्याला उंदीर कुठे दाखवू? डबा माळ्यावर, मडक्यांच्या उतरंडीच्या मागे.

पुढे त्याला लव आली, डोळे उघडले. मी काम करता करता त्याच्याशी बोलायला लागले. आज डाळ लागली, लेकीचा फोन आला नाही, असलंच काहीबाही. सासूबाईंच्या चहाड्याही केल्या. पहिल्या दिवशी तर माझा आवाज मलाच घोगरा वाटला, इतका तो पडून होता. पिल्लू खांद्यावर बसून मिशा हलवायचं. कोणीतरी ऐकतंय एवढं मला पुरत होतं.

दूध सुटलं तेव्हा मी त्याला तांदळाचं पीठ आणि गूळ यांच्या गोळ्या द्यायला लागले. हाताला तेच वळण होतं. तळहातावर गोळी ठेवायची, की ते धावत यायचं आणि दोन्ही हातांत धरून खायचं. मला त्याचं केवढं कौतुक.

एका रविवारी नवऱ्यानं कणगीला भोक पाहिलं आणि पुन्हा गोळ्या करायला सांगितलं. औषध संपलंय, पुढच्या रविवारी करते, म्हटलं. दुसऱ्या दिवशी पिल्लासाठी पीठ मळायला बसले. गुळाच्या वासानं ते दंडावरून उतरून परातीत आलं, आणि माझे हात थांबले. आपण याला काय शिकवून ठेवलं हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. डब्यावर बांधलेलं फडकं ते कधीच कुरतडून बाहेर फिरायला लागलं होतं. मी औषध घातलं नाही तरी आळीतलं प्रत्येक घर घालणार, आणि असलीच गोळी पुढे दिसली की हे हावरं धावत जाणार.

मावशीला विचारलं. एकदा तोंड पोळलं की उंदीर त्या वस्तूला परत तोंड लावत नाही, ती म्हणाली. तिनंच करंजाचं कडू तेल आणून दिलं. मी पिठात ते तेल घातलं, वर लाल तिखट, आणि गोळी तळहातावर धरली. त्यानं हुंगलीसुद्धा नाही नीट. माझा हात होता ना. अर्धी खाल्ली आणि मग तोंड पुसत, शिंकत तुसात शिरलं. दिवसभर उठलं नाही. मी चुलीपाशी बसून स्वतःला शिव्या घालत होते.

दुसऱ्या दिवशी उठलं. मी साधी, गोड गोळी पुढे केली. ते हाताच्या वीतभर अलीकडे थांबलं आणि उतरंडीमागे गेलं. रिकामा हात केला, तरी आलं नाही. मला हेच तर हवं होतं, असं मी स्वतःला चार वेळा सांगितलं.

रविवारी औषधाच्या गोळ्या मी वळल्या आणि नवऱ्यानं ठेवल्या. एक माळ्यावर, उतरंडीच्या तोंडाशी. मी खालून बघत राहिले. नको म्हणायला तोंड कुठे होतं मला?

सोमवारी तो कामावर गेल्यावर मी शिडी लावून वर चढले. गोळी होती तशी होती, माझ्या बोटांचे ठसे तिच्यावर दिसत होते. धुळीत बारीक पावलं उमटली होती. गोळीपर्यंत आली होती, आणि तिथून मागे फिरली होती. ते जगणार होतं. आणि माझ्या हातचं आता ते काहीच खाणार नव्हतं.