डोलूआज्याचे देव किती?

सावली गावच्या एस.टी. स्टँडवर बाबा मला सोडायला आले, तेव्हा माझी पत्र्याची पेटी त्यांनी मला उचलू दिली नाही. पुण्याला टेलिफोन खात्यात नेमणूक झाली होती. गावातल्या गोंडांच्या पाच-सहा घरांतून नोकरीसाठी एवढ्या लांब जाणारा मी पहिलाच. चंद्रपूरची गाडी सुरू झाली तरी खिडकीच्या दांडीला हात लावून ते बाजूनं चालत राहिले. "कागदावर जे नाव हाये तेच सांगजो," ते म्हणाले. "जास्तीचं काई बोलू नोको." शहरात जपून राहा, एवढंच त्यांना म्हणायचं असेल असं मी धरलं. त्या नावाखाली काय दडलं आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पुण्यात मी एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून परक्या लोकांचे ट्रंक कॉल जोडून द्यायचो. कॅन्टीनमध्ये सहकारी आडनाव विचारायचे आणि ते पुन्हा एकदा सांगायला लावायचे. पुढं चहा यायचा आणि विषय बदलायचा. आमच्याकडं आडनावावर भागत नाही. आम्हा गोंडांत प्रत्येक घराचे देव मोजलेले असतात, कुणाचे चार, कुणाचे पाच, सहा किंवा सात. ते बापाकडून मुलांकडं येतात. ज्यांचे देव सारखे ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. नियम एवढाच, पण त्याला फट नाही. आम्ही सात देवाचे. निदान तोवर तरी तसंच समजत होतो.

ऐंशी साल उलटून थोडी वर्षं झाली असतील. माझ्या धाकट्या बहिणीला, सगुणाला, मागणी आली. मुलगा एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेत मास्तर, घर सहा देवाचं. सहा आणि सात, म्हणजे काही अडचण नाही. मी सुटी टाकून गावी आलो. मास्तर शांत होते, बोलताना समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचे. सगुणानं मला एकांतात गाठून विचारलं, आश्रमशाळेच्या क्वार्टरला विहीर जवळ असते का? आमची पोरगी असं कधी विचारत नसे. तिला मास्तर आवडले होते, हे कळायला एवढं पुरे होतं.

बोलणी जवळजवळ उरकली होती. तेवढ्यात मास्तरांच्या मामांनी मला सहज विचारलं, तुमची आजी कुठली? बाबांनी सांगितलं, याच गावची, याच घरची. माझा बाप तिच्या बापाकडं घरजावई होता. मामा पान लावता लावता थांबले. आजी सात देवाची, आणि तुम्हीही सात देवाचे? मग आजा कोणाचा? एकाच देवात लग्न लागलं कसं?

चूक अशी होती की पुण्यातल्या कुणाला समजावून सांगायला मला अर्धा तास लागला असता, आणि तिथं बसलेल्या प्रत्येकाला ती एका प्रश्नात कळली. घरजावई म्हणून आलेल्या आज्याच्या नावापुढं सासऱ्याचं आडनाव लागलं. बाबा त्याच घरात वाढले, त्याच घराचे देव पुजत आले. आजा, डोलू त्याचं नाव, बाबा लहान असतानाच गेला. तो सूरजागडच्या डोंगराकडून आला होता एवढंच ऐकिवात होतं. आणखी एक गोष्ट होती. आमच्या घरात कासव शिजत नसे. मासेमारी करणारे ढिवर वैनगंगेतलं कासव विकायला आणत तेव्हा आजी त्यांना अंगणातूनच परत लावायची. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

आज्याचे देव किती हे कळल्याशिवाय लग्न ठरणार नव्हतं. मी सुटी वाढवून घेतली. सरकारी माणूस, सरकारी कागद शोधायचा, यात काय अवघड असं मला वाटलं. पण गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. चंद्रपूरला विचारावं तर कागद गडचिरोलीला गेले म्हणत, आणि गडचिरोलीत गठ्ठे अजून सुटायचे होते. अखेर जुन्या जनगणनेचं, खानेसुमारीचं, पान हाती लागलं. आमच्या पणजोबांचं, म्हणजे आजीच्या बापाचं, घर त्यात होतं. पुढं लिहिलं होतं: पुरुष दोन. त्या दोनातला एक आमचा डोलूआजा. खानेसुमारीला डोकी हवी होती, ती तिनं मोजली. आज्याच्या लग्नाची नोंद आहे का म्हणून विचारलं तेव्हा कारकून हसला. त्याचं चुकलं नव्हतं, पण मला राग आला.

मग मास्तरच पुढं झाले. त्यांच्या भागात आठवडी बाजार भरायचा, डोंगरातल्या गावोगावची माणसं तिथं उतरायची. दर बाजारी ते विचारत राहिले, डोलू नावाचा कुणी माणूस वैनगंगेकडं गेला आणि आलाच नाही, असं कुणाच्या घरी झालंय का? हिवाळ्यात मला पुण्याला त्यांचा निरोप आला. ज्याला लग्न करायचं होतं त्यानंच शोध लावला, हे आज आठवलं तरी मला मास्तरांपुढं मान खाली घालावीशी वाटते.

मी आणि मास्तर, आम्ही दोघं गेलो. बस संपली तिथून पायवाट. माळावर उभे दगड होते, मेलेल्या माणसांचे, काही माझ्याहून उंच, काही गुडघ्याएवढे. गावात एक म्हातारा घोंगडी घेऊन बसला होता. डोलू त्याच्या बापाचा धाकटा भाऊ, म्हणजे नात्यानं हा माझा काका. त्याला गोंडीच नीट येत होती आणि मला तिचे चार-दोन शब्दच, त्यामुळं मास्तर मधे बसले. डोलू रस्त्याच्या कामावर म्हणून गेला, म्हातारा सांगत होता. वाट पाहिली. मग आजीनं, म्हणजे डोलूच्या आईनं, हट्ट धरला की त्याचं मेल्यामागचं करून टाका, तो मोकळा होऊ दे. तेव्हा त्याच्या नावाचा दगड उभा केला. ज्या वर्षी तो दगड रोवला, त्या वर्षी आजा बहुधा आमच्या गावात धान कापत असेल.

म्हाताऱ्यानं पहिला प्रश्न विचारला तो देवांचा नव्हता. मरताना डोलूजवळ कोण होतं, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, बायको होती, मुलगा होता. त्यानं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग तो बराच वेळ बोलला आणि मास्तर ऐकत राहिले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

मास्तर जमिनीकडं बघत होते. "हे घर कासव खात नाई म्हणते," ते म्हणाले. म्हणजे आजी पाळत होती तो नेम आज्याच्या घरचा. "अन् हे घर सहा देवाचं हाये."

मास्तरच पुन्हा म्हणाले, "म्हंजे आपून भाऊ हाव."

दुसऱ्या कुणी ते वाक्य अर्धवट सांगितलं असतं. पाच म्हणाले असते तरी मला कळलं नसतं, आणि म्हातारा काही सावलीला येणार नव्हता. परतीच्या बसमध्ये मी हे त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, खोटं बोललो असतो तर लग्न झालं असतं, पण घरात बहीणच आणली असती. त्या प्रवासात मला आज्याचा मनापासून संताप आला. इतकी वर्षं लपून बसला होतास, आणखी एक वर्ष बसला असतास तर काय बिघडलं असतं?

घरी आल्यावर मास्तर ओसरीवर थांबले आणि बाबांना सगळं त्यांनीच सांगितलं. बाबा म्हणाले, "जलमभर मी दुसऱ्याच्या देवाले हात जोडलो." सगुणा दाराआड होती. सगळे गेल्यावर तिनं मला विचारलं, "दादा, त्याईनं सोता सांगितलं काय?" मी हो म्हणालो. "मंग मले काई म्हनायचं नाई," ती म्हणाली. पण पुढं बरेच महिने तिचं हसणं घरात ऐकू आलं नाही, आणि एरवी ती स्वतः लिहायची, पण आता पुण्याहून मी पाठवलेल्या पत्रांना उत्तर बाबांच्याच नावानं येत राहिलं.

पुढच्या वर्षी बाबा माझ्यासोबत कोंबडा घेऊन त्या डोंगराकडं गेले आणि आपल्या देवांच्या पाया पडून आले. सगुणाचं लग्न ब्रह्मपुरीकडच्या चार देवाच्या घरी ठरलं. मांडवात कानपिळीची वेळ झाली. नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा, म्हणून लोकांनी मला हाक मारली. आश्रमशाळेतून एका दिवसाची रजा काढून मास्तर आले होते, मागच्या रांगेत उभे होते. मी त्यांना हात धरून पुढं आणलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग सगुणाकडं. मान तिनं डोलावली. मास्तरांनी नवरदेवाचा कान पिळला, रीतीप्रमाणं अंमळ जोरातच, आणि मांडव हसला. लग्न ठरल्यापासून न रडलेली सगुणा तेव्हा रडली.

माझ्यासारखे जे गाव सोडून आलात, आणि जे तिथंच राहिलात, त्या सगळ्यांना हे सांगावंसं वाटलं. पुण्यात माझ्या मुलांना कुणी देव विचारत नाही. ती कुणाशीही लग्न करू शकतात आणि मी आडवा येणार नाही. मोकळेपणा मलाही हवाच होता, म्हणून तर मी सावलीहून त्या बसमध्ये बसलो होतो. पण इथं मला कुणी अडवत नाही, कारण मी इथं कुणाचा कुणी नाही. तिकडं सूरजागडच्या पायथ्याशी, जिथं मी आयुष्यात दोनदाच गेलो, माझ्या मुलीला सून करून घ्यायला नकार देणारी सहा देवाची घरं आहेत. त्यांचा तो नकार म्हणजेच माझं घर. सगुणाच्या मुलांना मामा दोन आहेत, आणि दिवाळीला ती आधी मास्तरांच्या घरी जातात.